तिळाचे म्हातारपण

सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात एक रकाना असतो: 'अंगावरील ओळखीची खूण'. नोकरीच्या पहिल्या दिवशी कारकून मान वर करून उमेदवाराकडे पाहतो आणि लिहितो, 'उजव्या गालावर तीळ'. तीस-पस्तीस वर्षांनी तेच पुस्तक निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर पुन्हा टेबलावर येते. केस गेलेले असतात, दात गेलेले असतात, फोटोतला माणूस घरच्यांनाही ओळखू येत नाही. तीळ मात्र तोच आहे, असे आपण सारे गृहीत धरतो. कारकुनाचा त्याच्यावर विश्वास, पोलिसाचा विश्वास. आणि जत्रेत हरवलेली भावंडे शेवटच्या रिळात एकत्र आणणाऱ्या आमच्या चित्रपटवाल्यांचा तर सर्वांहून अधिक.

आज आपणांपुढे जी हकीगत ठेवायची आहे ती ह्या विश्वासाच्या विरुद्ध आहे. तीळ तोच राहत नाही. तो उगवतो, वाढतो, कातडीत खाली उतरतो, फिका पडतो आणि म्हातारा होतो. हे विद्वानांना उमगायला शंभरावर वर्षे लागली. आणि म्हाताऱ्या तिळाचे एक फसवे रूप तर १९९८ साली कोठे नावानिशी मांडले गेले. विषय लहान खरा, पण आमच्या घरात बारा दिवस अन्न गोड लागले नाही ते ह्याच रूपामुळे.

आमच्या एक आत्याबाई वसईस राहतात. वय शहात्तर. नाकाच्या कडेला वाटाण्याच्या दाण्याएवढा, गुळगुळीत, कातडीच्याच रंगाचा तीळ. तरुणपणी तो जांभळासारखा काळा होता, असे त्या सांगतात. चष्म्याची पट्टी त्यावर घासू लागली आणि एके दिवशी रक्त आले. गावातल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत तो काढला व रीतीप्रमाणे तपासणीला पाठवला. प्रयोगशाळेचा कागद आला तो असा: पेशी मोठ्या व वेड्यावाकड्या दिसतात, कर्करोगाची शंका येते, चेहऱ्यावर आणखी रुंद शस्त्रक्रिया करावी. घरात कोणी नवस बोलले, कोणी मृत्युपत्राचा विषय काढला. तेराव्या दिवशी तीच काचपट्टी खिशात घेऊन आम्ही विरार लोकलने मुंबईस एका वयोवृद्ध विकृतिशास्त्रज्ञांकडे गेलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला.

"वय काय बाईंचे?"

"शहात्तर."

"आणि तीळ कधीपासूनचा?"

"त्यांच्या लग्नाच्या फोटोत आहे, डॉक्टरसाहेब."

"मग हे पेशींचे म्हातारपण आहे. कर्करोग नाही. आजींना सांगा, नाक शाबूत आहे."

पहिल्या प्रयोगशाळेतील डॉक्टर निष्काळजी होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांना जे दिसले ते खरोखरच काचपट्टीवर होते. मग दोघांच्या निकालात इतके अंतर का? ह्या प्रश्नापायी आम्ही पुस्तके चाळू लागलो, आणि सुरुवात करावी लागली ती थेट सुश्रुतापासून.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तेरावा अध्याय क्षुद्ररोगांचा आहे. क्षुद्र म्हणजे येथे लहानसे, किरकोळ. काळा, तिळाएवढा, न दुखणारा, कातडीशी सपाट, तो तिलकालक. उडदासारखा वर उचललेला, न दुखणारा, तो मशक. जन्मापासूनचा, तो जतुमणी. चेहऱ्यावरचा काळसर डाग तो व्यंग. आमच्या मराठीने हा सारा अध्याय जणू घरात ठेवून घेतला आहे: तिलकालकाचा तीळ झाला, मशकाचा मस, व्यंगाचा वांग, आणि मूळव्याधीच्या प्रकरणात येणाऱ्या चर्मकीलाची चामखीळ झाली. संस्कृताचे एक अक्षर न शिकलेली आजी सुश्रुताचे शब्द रोज वापरते. चिकित्साही सांगितली आहे: हे शस्त्राने काढावे आणि मग क्षाराने किंवा अग्नीने डागावे. आजच्या दवाखान्यात विजेच्या सुईने जे करतात ते ह्याहून फार निराळे नाही.

परंतु सुश्रुताने सपाट तीळ आणि उंच मस हे दोन वेगळे विकार मानले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागेल. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ते वेगळेच दिसणार. एकच तीळ विशीत सपाट व साठीत उंच असू शकतो, हे कळण्यासाठी कातडीच्या आत पाहावे लागते, आणि काढलेल्या तिळाच्या आत पाहण्याचे साधन त्या काळी कोणाजवळच नव्हते. साधन नसले की अर्थ मात्र पुष्कळ सुचतात. सामुद्रिकवाल्यांनी उजव्या अंगाचा तीळ, डाव्या अंगाचा तीळ अशी भाग्ये वाटून दिली; मोठ्या लाशाचा दोष ग्रहणात काही चिरणाऱ्या गर्भवतीच्या माथी मारला गेला. तान्ह्या बाळाच्या गालाला आपण काजळाची तीट लावतो, तो तर खोटा तीळच. आपल्या भागातील जुन्या बायकांच्या हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके असत. तेही तिळाचेच भाऊबंद. गोंदणात घालतात काजळी, म्हणजे काळा रंग, पण तो दिसतो हिरवानिळा. कारण तो कातडीत खोल बसतो, आणि खोलातला काळा रंग वरून निळसर दिसतो. हाच प्रकाशाचा नियम तिळालाही लागू आहे. रंग फार खोल असला तर तीळ निळा दिसतो.

आत पाहायचे म्हणजे थर पाहायचे. ह्या श्रोतृवृंदाला थर म्हणजे काय हे सांगण्यासाठी लांब जायला नको. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचे 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड उघडले, आणि आत बौद्ध स्तूप निघाला. वरून पाहणाऱ्याला ते मातीचा उंचवटाच होते. मध्यभागी दगडी करंडक सापडला, त्यात तांब्याचा, त्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. हे भगवानलाल ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते डॉ. भाऊ दाजी लाड. आणि भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजमधून पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झालेले वैद्य. टेकाड उघडणे आणि शरीर उघडणे ह्या दोन विद्या मुंबईत एकाच घरात नांदत होत्या, असे म्हटले तर ते अगदीच अलंकारिक होणार नाही.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. त्या कॉलेजात १८५८ मध्ये हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा एक तरुण इंग्रज अध्यापक आला. 'ग्रेज् ॲनाटॉमी' ह्या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे ह्यानेच काढलेली. पुढे तीस वर्षे तो ह्या देशात नोकरीत राहिला, आणि पेन्सिलीइतकाच सूक्ष्मदर्शकाला चिकटला. महारोग, पायाला जडणारा 'मायसेटोमा', आणि १८७७ च्या दुष्काळी तापातील रक्तातले वळवळते जंतू, हे त्याने येथे पाहिले आणि लिहिले. तिळाकडे तो वळला नाही. मरणाऱ्या माणसांच्या शहरात तिळाकडे कोण वळणार? पण रोग्याच्या देहातला तुकडा काचेखाली पाहायचा, ही सवय मुंबईला त्याच्या पिढीने लावली.

तुकडा पाहायचा कसा, हे दोन शब्दांत सांगितले पाहिजे. काढलेला तीळ फॉर्मालिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही. मग त्यातले पाणी काढून मेण भरतात. मेणाच्या वडीतून यंत्राच्या पात्याने काप काढायचे, एका मिलिमीटरात दोनशे बसतील इतके पातळ. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलतात. आता त्यात रंग भरायचा, कारण पेशी मुळात बिनरंगी. एक रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून येतो, हेमॅटॉक्सिलिन. त्याने पेशीचे केंद्रक जांभळे होते. दुसरा इओसिन, जर्मन रंगकारखान्यांच्या युगातला; त्याने बाकीचे सारे गुलाबी होते. ही जोडी १८७० नंतरच्या दशकात जमली ती अजून मोडलेली नाही. आत्याबाईंचा तीळही ह्याच दोन रंगांत न्हाला.

ह्या साधनांनी तिळाकडे निष्ठेने पाहणारा माणूस म्हणजे हांबुर्गचा पाउल गेर्सोन उन्ना. १८९३ साली त्याने असे मांडले की, तिळाच्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मतात व तेथून थेंब गळावेत तशा खालच्या अंतस्त्वचेत गळतात. त्यासाठी त्याने जर्मनमध्ये गळण्याचाच शब्द वापरला. विद्वानांचे समाधान झाले नाही. फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ प्येर मासों यांना तिळाच्या खालच्या भागात मज्जातंतूसारखे धागे व गुंडाळ्या दिसत. १९२६ मध्ये त्यांनी सांगितले की, तिळाचा निदान तळचा भाग तरी मज्जातंतूंच्या आवरणातून निघतो. एक म्हणे वरून खाली, दुसरा म्हणे खालूनही वर. वाद बरीच वर्षे चालला, आणि गंमत अशी की, तो तिळाच्या अभ्यासकांनी सोडवला नाही. गर्भाचा अभ्यास करणाऱ्यांनी सोडवला. मेरी रॉल्स ह्या बाईंनी १९४७ साली उंदराच्या गर्भावर प्रयोग करून दाखवले की, कातडीला रंग देणाऱ्या पेशी मुळात कातडीच्या नव्हतच. गर्भाच्या पाठीवरील मज्जेच्या कडेतून त्या निघतात आणि प्रवास करीत कातडीत येऊन राहतात. त्याच कडेतून मज्जातंतूंच्या आवरणाच्या पेशीही निघतात. म्हणजे दोन्ही पक्षांच्या वंशावळीत पणजोबा एकच निघाला! तिळाची पेशी वरूनच गळते, पण वय झाले की तिच्यात मज्जातंतूचे गोत्र उमटते. म्हातारपणी माणसाला माहेरची बोली आठवते, तसेच काहीसे.

आता तिळाचे चरित्र सरळ सांगता येते. लहान मुलाच्या तिळाचा उभा काप पाहिला तर बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी रंगपेशींची घरटी दिसतात. तीळ सपाट आणि गडद. तरुणपणी काही घरटी खाली उतरतात. वर थोडी, खाली थोडी. तीळ किंचित उचलतो. प्रौढपणी वरची वस्ती उठते आणि सगळ्या पेशी खालच्या थरात. वरची घरटी मोठ्या पेशींची व रंगाची. खाली जावे तसतशा पेशी लहान होतात, रंग सोडतात, एकेकट्या पांगतात आणि तळाशी लांबट, तंतूसारख्या होतात. मीशर आणि फॉन आल्बर्टिनी यांनी १९३५ मध्ये ह्यांना अ, ब, क अशी नावे दिली, आणि ती अजून चालतात. ह्या उतरत्या क्रमाला विकृतिशास्त्रज्ञ 'पक्व होणे' म्हणतात, आणि तिळाचे सौम्यपण ओळखण्याची ती एक मोठी खूण आहे. कर्करोगाच्या पेशी खाली गेल्या म्हणून शहाण्या होत नाहीत. शेवटी म्हाताऱ्या तिळात चरबी शिरते, तंतूंचे जाळे पडते, रंग उरत नाही. अमेरिकेत स्टेगमायर यांनी १९५९ साली तिळाच्या ह्या नैसर्गिक ओसरण्यावर निबंधच लिहिला. तिशी-चाळिशीपर्यंत अंगावरचे तीळ वाढतात आणि पुढे उतारवयात कमी होत जातात. सुश्रुताचा सपाट तिलकालक आणि उंच मशक पुष्कळदा एकाच तिळाची दोन वये असतात, ते असे.

सेवापुस्तकातला 'उजव्या गालावर तीळ' निवृत्तीपर्यंत फिका होऊन उचलला गेला, तर तो नोकर तोतया नाही. बदलला आहे तो तीळ.

मग आत्याबाईंच्या तिळात शंका यावी असे काय होते? येथे गोष्ट १९९८ वर येते. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील हेल्मुट केर्ल, त्यांचे सहकारी आणि बर्नार्ड ॲकरमन यांनी एक लेख लिहिला, 'पुरातन तीळ' असे नाव देऊन. असाच शब्द मज्जातंतूच्या आवरणावरील जुन्या, निरुपद्रवी गाठींसाठी १९५१ पासून वापरात होता. तेथे जुन्या गाठीच्या पेशी झिजून मोठ्या व विद्रूप दिसत, आणि डॉक्टर फसत. केर्लमंडळींनी दाखवले की, वृद्धांच्या चेहऱ्यावरील घुमटासारख्या जुन्या तिळांतही हेच घडते. अशा तिळात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी राहतात. एक नेहमीच्या, लहान, एकसारख्या. दुसऱ्या मोठ्या, केंद्रके वेडीवाकडी, गडद. कर्करोगाच्या पेशी जशा दिसाव्यात तशा. आजूबाजूला झिजेच्या खुणा: फुगलेल्या रक्तवाहिन्या, त्यांत गुठळ्या, जुना रक्तस्राव, घट्ट झालेले तंतू, चरबी. ह्या मोठ्या पेशी भयंकर दिसतात, पण विभागत जवळजवळ नाहीत. कर्करोगाचे भय चेहऱ्यात नसते, वाढीत असते. पडका वाडा आणि भूकंपाने पाडलेला वाडा ह्यांच्या भिंती सारख्याच तिरप्या दिसतात. वाड्याचे वय माहीत नसेल तर पाहणारा काय करील?

म्हणूनच त्या वृद्ध विकृतिशास्त्रज्ञांनी आधी वय विचारले, मग तीळ कधीपासूनचा ते विचारले. पहिल्या प्रयोगशाळेकडे गेलेल्या कागदावर, आम्ही मागाहून पाहिले, ह्या दोन्ही जागा कोऱ्या होत्या. तो कागद भरायला बसलेले आम्हीच होतो. घाई होती, आणि वाटले, तिळाचे वय कोण विचारतो!

मुंबईत असे डोळे तयार झाले त्यामागेही इतिहास आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडनला शिकलेले, ग्रँट व सेठ जी. एस. ह्या दोन्ही महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवलेले हे गृहस्थ. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९५२ मध्ये त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारले. परदेशी पुस्तकातला रोग आपल्या माणसात तसाच असेल, हे त्यांनी गृहीत धरले नाही. कमरेला घट्ट धोतर वर्षानुवर्षे घासून कातडीला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी केले. महारोगाचे जंतू मज्जातंतूत कसे शिरतात ते काचेखाली पाहिले. रोग पाहताना माणसाचे धोतर, त्याचा धंदा, त्याचे पाय पाहायचे, ही त्यांची रीत.

पायांचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तिळासंबंधी जी भीती आपण वर्तमानपत्रांत वाचतो ती बहुधा गोऱ्या कातडीच्या लोकांची आहे. उन्हाने जळणाऱ्या पाठीवरचा तीळ मेलॅनोमा होतो, ही. मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, मोठा मारक. आपल्या सावळ्या कातडीत तो मुळातच पुष्कळ कमी. पण जो होतो त्याचा मोठा हिस्सा तळपायाला, तळहाताला, नखाखाली असतो. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये नखाखालच्या ह्या काळ्या रोगाचे वर्णन केले होते. तळव्यांवरच्या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळाले ते १९७६ मध्ये. आपण वसई-विरारकर. भाताच्या खाचरात, मिठागरात, वाडीतल्या पाटात, अर्नाळ्याच्या वाळूत आपल्या कितीतरी घरांतली माणसे जन्मभर अनवाणी वावरली. तळव्याला काळा डाग पडला तर म्हणायचे, काटा मोडला असेल, चिखल मुरला असेल. नखाखाली काळे झाले तर म्हणायचे, ठेच लागली. गालावरच्या पन्नास वर्षांच्या तिळासाठी घर रडते, आणि तळव्यावरचा सहा महिन्यांचा डाग कोणी पाहतही नाही. उतारवयात नव्याने उगवलेला, पसरत जाणारा, अनेक रंगांचा किंवा आपोआप चिघळणारा डाग डॉक्टरांना दाखवावा, तो कोठेही असो. तळव्यावर वा नखाखाली असेल तर आधी. पाठीवर मेण चिकटवल्यासारखे खरखरीत तपकिरी मस म्हातारपणी उगवतात, ते तर बहुधा तीळही नसतात. ती वरच्या कातडीची जाडी असते.

तीळ म्हातारा होतो तो का, ह्याचेही उत्तर अलीकडे मिळू लागले आहे. २००३ मध्ये असे आढळले की, मेलॅनोमात सापडणारा 'बीराफ' नावाच्या जनुकातला बिघाड बहुसंख्य साध्या तिळांतही असतो. म्हणजे बी तेच! २००५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले की, बिघाड झाल्यावर पेशी काही काळ वाढतात आणि मग स्वतःच वाढ थांबवतात. जणू निवृत्ती घेतात. साधा तीळ म्हणजे वाढता वाढता थांबलेला पेशींचा समूह, आणि तो थांबलेला असतो ती थोडीथोडकी वर्षे नव्हे. आत्याबाईंचा साठ वर्षे थांबला होता.

ती काचपट्टी नंतर आत्याबाईंनी मागून घेतली. उन्हाकडे धरून त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली. काचेवर मसुरीच्या डाळीएवढा गुलाबी ठिपका, मध्ये जांभळी झाक. "जन्मभर काळा काळा म्हणून चिडवलात सगळ्यांनी," त्या म्हणाल्या, "आणि हा बघा आतून गुलाबी." तो रंग डॉक्टरांनी घातलेला आहे, हे त्यांना सांगायचे आमच्याच्याने झाले नाही. काचपट्टी आता त्यांच्या कपाटात, लग्नाच्या फोटोमागे आहे.